मँटलवरची नऊ फुटांची दिव्यांची गार्लंड: एक परीक्षण

ज्या घरात फायरप्लेस असते, तिथे नाताळात ख्रिसमस ट्रीच्या खालोखाल नजर जाते ती फायरप्लेसच्या वरच्या फळीकडे, म्हणजे मँटलकडे, आणि तिथली सजावट बहुतेक वेळा हिरव्या फांद्यांच्या गार्लंडपासूनच सुरू होते. या परीक्षणासाठी घेतलेली गार्लंड नऊ फूट, म्हणजे सुमारे २७४ सेंटीमीटर लांबीची, कृत्रिम पानांची आणि कारखान्यातच ५० एलईडी दिवे गुंफलेली आहे. फर वृक्षाच्या सुयांसारखी पाने, त्यांच्यात अधूनमधून सीडरच्या लोंबत्या डहाळ्या, थोडे पाइन कोन आणि लाल बेरींचे घोस असे तिचे रूप आहे. जवळजवळ याच रचनेच्या माळा अनेक वेगवेगळ्या नावांनी विकल्या जातात, त्यामुळे पुढे केलेले कौतुक आणि काढलेल्या खोडी एखाद्या ठरावीक नावाला नव्हे, तर या प्रकाराला उद्देशून आहेत असे समजावे. मत आधीच सांगायचे, तर माळ देखणी आहे आणि दिवेही चांगले आहेत, मात्र खोक्यावरच्या चित्रात ती मँटलवर विराजमान दिसत असली तरी तिची घडण मँटलचा विचार करून झालेली नाही.

असे म्हणण्याचे कारण तिच्या गोलाईत आहे. मँटलची फळी बहुधा १५ ते २५ सेंटीमीटर खोल असते, तर सगळ्या फांद्या नीट मोकळ्या केल्यावर या माळेचा व्यास २५ सेंटीमीटरच्या पुढे जातो. मागे भिंत असल्यामुळे मागच्या फांद्या भिंतीला टेकतात आणि संपूर्ण माळेला पुढे रेटतात. त्यातच पाइन कोन आणि बेरी समोरच्या बाजूला खोवलेल्या असल्याने भार आणखी पुढे सरकतो, आणि मग माळ फळीच्या कडेवर येऊन हळूहळू घरंगळू लागते. जिन्याच्या कठड्यावर किंवा दाराच्या चौकटीभोवती ही अडचण येत नाही, कारण तिथे ती ठिकठिकाणी बांधलेलीच असते. मँटलवर मात्र ती नुसती ठेवली की बसेल अशी अपेक्षा असते, आणि गोल माळ तशी बसत नाही. यावर उपाय एवढाच, की मागच्या फांद्या मुख्य तारेला समांतर दाबून चपट्या कराव्यात आणि उरलेल्या फांद्या वर व समोर वळवून घ्याव्यात, म्हणजे माळेचा छेद पूर्ण वर्तुळाऐवजी अर्धवर्तुळासारखा होतो. हे केल्यावर ती पुष्कळच स्थिर राहते आणि समोरून अधिक दाटही दिसते. पण मग भिंतीकडे तोंड करून दबून राहणाऱ्या फांद्यांसाठी ग्राहकाने पैसे का मोजावेत, हा प्रश्न उरतोच. मागची बाजू मुद्दाम सपाट ठेवलेल्या माळाही बनतात, आणि केवळ मँटलसाठीच खरेदी करायची असेल तर आधी त्यांचा शोध घ्यावा.

पानांच्या बाबतीत मात्र ही माळ खरोखर उजवी आहे. कृत्रिम हिरवाईत दोन साहित्ये प्रामुख्याने वापरली जातात. पीव्हीसी या प्लॅस्टिकची पाने त्याच्या पातळ तावाच्या बारीक पट्ट्या कापून, त्या दोन तारांच्या पिळात अडकवून तयार होतात. हीच पद्धत ब्रश बनवण्याच्या उद्योगात फार पूर्वीपासून होती, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली काही कृत्रिम झाडे खरोखरच ब्रश बनवण्याच्या यंत्रांवर तयार झाली होती. स्वस्त माळ जवळून पाहिली की बाटली धुण्याचा ब्रश आठवतो, तो त्यामुळेच. दुसरे साहित्य म्हणजे पॉलिएथिलीन, ज्याला व्यवहारात पीई म्हणतात. ते वितळवून साच्यात ओतले जाते, आणि साचा खऱ्या डहाळीवरून घेतलेला असला तर सुईची जाडी, तिचा किंचित बाक आणि देठाचा तपकिरी रंगसुद्धा त्यात उतरतो. परीक्षणातल्या माळेत दोन्हींचे मिश्रण आहे: आतल्या बाजूला भरावासाठी पीव्हीसी आणि वरच्या थरात पीईची टोके. ही तडजोड शहाणपणाची आहे, कारण निव्वळ पीईची माळ महाग आणि जड होते, तर निव्वळ पीव्हीसीची माळ दिव्यांच्या उजेडात प्लॅस्टिकसारखी चकाकते. इथे डोळ्यांना भिडते ते पीई, आणि मागची पोकळी बुजवते ते पीव्हीसी. हिरव्याच्याही दोन-तीन छटा एकत्र आल्या असल्याने एकसुरीपणा टळला आहे. बेरी तेवढ्या फसलेल्या आहेत. त्यांचा लाल रंग इतका भडक आणि तुकतुकीत आहे की अर्ध्या काढून टाकल्यावरच माळ डोळ्यांना बरी वाटू लागली.

खोक्यातून काढलेली माळ पहिल्यांदा पाहून निराश होऊ नये. ती चपटी, विस्कटलेली आणि चित्रातल्या माळेच्या निम्म्या जाडीचीही दिसत नाही. प्रत्येक फांदी आणि तिच्यावरचे प्रत्येक टोक हाताने सोडवून वेगवेगळ्या दिशांना वळवावे लागते, आणि हे काम एका टोकाकडून सुरू करून क्रमाने दुसऱ्या टोकापर्यंत न्यावे. मधूनच कुठेतरी सुरुवात केली तर दाट आणि विरळ पट्टे तयार होतात. माळ टेबलावर आडवी ठेवून निम्मे काम उरकावे आणि उरलेले ती मँटलवर चढवल्यानंतर, समोर चार पावले मागे उभे राहून करावे. तारांची टोके बोटांना टोचतात, त्यामुळे सुती हातमोजे घातलेले बरे. या कामाला पहिल्या वर्षी चांगला तासभर लागू शकतो. सूचनापत्रकात याविषयी एकच वाक्य आहे, ही उणीव म्हणायला हवी.

लांबीबद्दल खरेदी करणाऱ्यांचा बराच गोंधळ होतो, म्हणून थोडा हिशेब मांडणे भाग आहे. माळेची छापील लांबी साधारणपणे एका टोकाच्या सुईपासून दुसऱ्या टोकाच्या सुईपर्यंत धरलेली असते, त्यामुळे मुख्य तार त्याहून थोडी आखूड निघते. तरी सोयीसाठी पूर्ण २७४ सेंटीमीटर धरू. मँटल १५० सेंटीमीटर रुंद असेल आणि माळ फळीवर सरळ ठेवली, तर दोन्ही बाजूंना प्रत्येकी ६२ सेंटीमीटर खाली सोडता येते. हीच माळ फळीच्या कडेवरून दोन झोल देऊन सोडायची म्हटले, तर झोलात पुष्कळ लांबी खर्ची पडेल अशी भीती असते. प्रत्यक्षात ७५ सेंटीमीटरच्या अंतरात १५ सेंटीमीटर खोल झोल देण्यासाठी जेमतेम ८ सेंटीमीटर जादा लागतात. म्हणजे दोन झोल देऊनही प्रत्येक बाजूला ५० सेंटीमीटरहून अधिक माळ शिल्लक राहते. लांबी खाऊन टाकतात त्या बाजूंच्या उभ्या लडी. त्या जमिनीपर्यंत न्यायच्या असतील तर एवढ्या रुंदीच्या मँटलला नऊ फूट अजिबात पुरत नाहीत, कारण फळीची उंचीच बहुधा सव्वा मीटरच्या पुढे असते. तिथे दोन माळा जोडाव्या लागतात. दोन्ही लडी सारख्याच लांबीच्या असाव्यात असा काही नियम नाही. एक बाजू जवळजवळ फळीवरच संपवून दुसरी लांब सोडली, तर हीच माळ अधिक मोकळी आणि नैसर्गिक दिसते, आणि वर आरसा किंवा चित्र मध्यभागी असेल तर ही असमान मांडणी विशेष खुलते.

माळेचे वजन दोन किलोंच्या आसपास आहे, आणि ते पेलण्यासाठी खोक्यात काहीही दिलेले नाही. सर्वसाधारण पसंती चिकट पट्टीच्या हुकांना असते, कारण ते नंतर खूण न ठेवता निघतात. परंतु मँटलच्या बाबतीत त्यांच्या मर्यादा नीट वाचल्या पाहिजेत. खडबडीत वीट किंवा दगडावर ते धरत नाहीत. पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, हुक चिकटवून, तासाभरानेच त्यावर भार द्यायचा असतो. आणि अशा पट्ट्यांवर वापराची कमाल तापमान मर्यादा साधारण ४० अंश सेल्सियस दिलेली असते. खाली आग पेटली की बऱ्याच मँटलची खालची आणि पुढची कड ही मर्यादा सहज ओलांडते, आणि मग पट्टी मऊ पडून हुक निसटतो. म्हणून हुक पुढच्या उभ्या कडेवर न लावता फळीच्या वरच्या पृष्ठभागावर, भिंतीच्या जवळ लावावेत आणि माळ बारीक हिरव्या तारेने मागे ओढून बांधावी. तार पानांत दिसत नाही, हुक माळेच्या मागे लपतात, आणि घरंगळण्याचा आधी सांगितलेला दोषही निकालात निघतो. विटांच्या मँटलसाठी विटेच्या कडांना पकडणारे स्प्रिंगचे क्लिप मिळतात. दोन विटांमधला चुना किंवा सिमेंट थोडे आत दबलेले असेल तरच ते बसतात. स्टॉकिंग, म्हणजे नाताळात भेटवस्तूंसाठी टांगायचे मोठे मोजे, अडकवण्याचे फळीवर नुसते ठेवायचे वजनदार हुक माळेसाठी वापरण्याचा मोह टाळलेला बरा, कारण भरलेल्या स्टॉकिंगसह त्यांच्यावर माळेचाही ताण आला की ते फळीवरून सरकतात, आणि एवढा जड धातूचा तुकडा लहान मुलाच्या डोक्याच्या उंचीवरून खाली येणे ही किरकोळ बाब नाही.

दिव्यांचा रंग उबदार पिवळसर पांढरा आहे, आणि तो हिरव्या पानांवर फार छान पडतो. एलईडीमुळे वीज नगण्य लागते. जुन्या पद्धतीच्या तंतूच्या शंभर छोट्या दिव्यांची माळ साधारण ४० वॉट घेत असे आणि हाताला गरम लागत असे. तेवढेच एलईडी पाच-सात वॉटमध्ये भागवतात आणि पानांना तापवत नाहीत. दिव्यांची वायर हिरवी आहे, ती मुख्य तारेभोवती व्यवस्थित गुंडाळलेली आहे आणि समोरून कुठेही लोंबत नाही. एवढे सगळे जमवून आणल्यावर कारखान्याने प्लग मात्र माळेच्या एका टोकाला दिला आहे, आणि मँटलच्या दृष्टीने ही या माळेची सर्वांत मोठी गैरसोय आहे. विजेचा सॉकेट बहुधा फायरप्लेसच्या बाजूला, जमिनीजवळ असतो. त्यामुळे ज्या बाजूला सॉकेट, त्याच बाजूला प्लगचे टोक आणावे लागते आणि तिथली लड लांब सोडावी लागते, म्हणजे वायर तिच्या आड लपते. असमान मांडणी करणाऱ्याने लांब बाजू कोणती हे सौंदर्यदृष्टीने नव्हे, तर सॉकेट पाहून ठरवावे असाच याचा अर्थ होतो. सॉकेट दूर असेल तर फायरप्लेसच्या तोंडासमोरून एक्स्टेंशनची वायर नेण्यापेक्षा बॅटरीवर चालणारी माळ घ्यावी. बॅटरीच्या माळांमध्ये बहुधा टायमर असतो, जो सहा तास दिवे चालू ठेवून अठरा तास बंद ठेवतो. बॅटरीचा डबा मात्र फळीवर लपवायला जागा शोधावी लागते. दिवे काढता येणारे आहेत आणि दोन जादा दिवे खोक्यात दिले आहेत, ही जमेची बाजू.

आता उष्णतेविषयी, आणि इथे थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण विक्रीच्या मजकुरात धगधगत्या आगीच्या वर सजलेली माळ दाखवली जाते. अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन या संस्थेचा सर्वसाधारण सल्ला असा आहे, की पेट घेऊ शकणारी कोणतीही वस्तू उष्णता देणाऱ्या साधनापासून किमान तीन फूट, म्हणजे सुमारे ९० सेंटीमीटर दूर असावी, आणि मेणबत्तीपासून किमान १२ इंच दूर असावी. फायरप्लेसचे तोंड ९० सेंटीमीटर रुंद आणि फळी १५० सेंटीमीटर रुंद असेल, तर बाजूने लोंबणारी लड तोंडाच्या कडेपासून फार तर ३० सेंटीमीटर दूर असते. झोल दिलेली माळ तर आणखी खाली, थेट वर चढणाऱ्या गरम हवेच्या वाटेत येते. पीई साधारण १०५ ते १३० अंशांच्या दरम्यान वितळते, पीव्हीसी त्याच्याही आधी मऊ पडते, आणि पीव्हीसी जळली तर तिच्यातून हायड्रोजन क्लोराइडचा दाहक वायू बाहेर पडतो. खोक्यावर ज्वालारोधक असे छापलेले आहे, पण त्या शब्दाचा अर्थ सहजासहजी पेट घेत नाही इतकाच होतो, पेट घेतच नाही असा होत नाही.

म्हणून फायरप्लेस कोणत्या प्रकारची आहे यावर या माळेची उपयुक्तता अवलंबून आहे. जी फायरप्लेस कधी पेटवलीच जात नाही किंवा जिच्यात नुसत्या मेणबत्तीसारख्या दिसणाऱ्या बॅटरीच्या ज्योती ठेवलेल्या असतात, तिथे ही माळ निर्धास्त लावावी आणि हवे तेवढे झोल द्यावेत. विजेच्या फायरप्लेसमध्ये गरम हवा कुठून बाहेर पडते ते आधी पाहावे. काहींत ती तळाशी असते, तर काहींत अगदी वरच्या कडेला, नेमकी फळीच्या खाली, आणि अशा वेळी हीटर बंद ठेवून फक्त ज्योतीचा देखावा चालू ठेवणे हाच मार्ग उरतो. गॅसच्या बंद काचेच्या फायरप्लेसमध्ये ठिणगी उडत नाही म्हणून लोक निश्चिंत असतात, पण ती काच २०० अंश सेल्सियसच्याही वर तापू शकते आणि तिची धग समोर आणि वर दोन्हीकडे जाते. लाकडाच्या उघड्या आगीच्या बाबतीत कोणतीही पळवाट नाही: आग पेटवायची असेल त्या दिवशी माळ उतरवावी. तारेने बांधलेली माळ उतरवायला आणि पुन्हा चढवायला वेळ लागतो, त्यामुळे रोज आग पेटवणाऱ्या घरासाठी ही खरेदी योग्य नाही, असेच म्हणावे लागेल.

खऱ्या फांद्यांच्या माळेशी तुलना अपरिहार्य आहे. सुगंधात कृत्रिम माळ तिच्या जवळपासही जात नाही, आणि सीडरची खरी माळ ज्या सैलपणाने कडेवरून ओघळते तो सैलपणा तारेच्या कण्याला साधत नाही. पण तोडलेल्या फांद्यांना मँटलसारखी वाईट जागा दुसरी नाही. तिथे पाणी मिळत नाही आणि कोरडी उष्ण हवा सतत लागते, त्यामुळे त्या झपाट्याने वाळतात, आणि वाळलेली सदाहरित फांदी किती वेगाने पेटते हे पाहिलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. स्प्रूस आणि हेमलॉक उबदार खोलीत लवकर सुया गाळतात. फर, पाइन आणि सीडर त्या मानाने टिकतात. लावण्याआधी फांद्या रात्रभर पाण्यात भिजवल्या आणि नंतर अधूनमधून पाण्याचा फवारा दिला तर आयुष्य थोडे वाढते, मात्र दिवे आणि सॉकेटजवळ फवारा मारताना वीज बंद असली पाहिजे. शिवाय चीक रंगवलेल्या फळीवर डाग पाडतो. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर हॉली, आयव्ही आणि मिसलटो यांच्या बेरी व पाने त्यांच्या पोटात जाऊ देऊ नयेत, आणि यू वृक्षाची फांदी तर घरात आणूच नये, इतकी ती विषारी असते. यावर सर्वांत समाधानकारक तोडगा म्हणजे कृत्रिम माळेचा पाया ठेवून तिच्यात सीडरच्या किंवा फरच्या मोजक्या ताज्या डहाळ्या खोचणे. परीक्षणातल्या माळेच्या तारा यासाठी पुरेशा मजबूत आहेत; दोन टोकांच्या पिळात डहाळी घट्ट बसते, वाळली की तेवढीच बदलता येते, आणि खोलीत गेल्या गेल्या खरा सुगंध येतो.

फितीबाबत एकच सांगायचे आहे. कडेला तार असलेली सहा-सात सेंटीमीटर रुंदीची फीत या जाडीच्या माळेवर शोभते. त्याहून अरुंद फीत पानांत हरवते, आणि तार नसलेली फीत दुसऱ्या दिवशी मान टाकते. बर्फाचा पांढरा लेप दिलेली याच माळेची आवृत्तीही मिळते, पण तिच्यातून भुकटी गळत राहते आणि गडद रंगाच्या फळीवर ती फार दिसते. साधी हिरवीच घ्यावी. टीव्ही मँटलच्या वर लावलेला असेल, तर मधल्या भागातल्या वर वळलेल्या फांद्या पडद्याच्या खालच्या कडेला आणि रिमोटचा संदेश घेणाऱ्या भागाला झाकतात. तिथे त्या पुढे झुकवून ठेवाव्या लागतात.

साठवणीचा विचार खोका बनवताना झालेला नाही. एकदा फुलवलेली माळ मूळ खोक्यात परत बसवायची तर सगळ्या फांद्या पुन्हा चिरडाव्या लागतात, आणि दर वर्षी असे केल्याने पीव्हीसीच्या पट्ट्या तारेच्या पिळातून सुटू लागतात. त्याऐवजी फांद्या एकाच दिशेने सैल दाबून माळ मोठ्या वेटोळ्यात गुंडाळावी आणि रुंद पिशवीत किंवा झाकणाच्या डब्यात ठेवावी. कुठेही कोनात दुमडू नये, कारण दिव्यांची वायर तुटते ती नेमकी त्या घडीवर. छपराखालची उन्हाळ्यात तापणारी खोली टाळावी, तिथे प्लॅस्टिक मऊ पडून फांद्या दाबल्या त्या आकारात कायमच्या बसतात. आत ठेवण्याआधी दिवे एकदा लावून पाहावेत आणि जादा दिवे प्लगच्या टोकाशीच छोट्या पिशवीत बांधून ठेवावेत, कारण या मापाचे दिवे सुटे शोधू गेल्यास सहजी मिळत नाहीत.